वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे

भाताचा तरवा उपटून चिखलात लावला की पहिले आठ दिवस रोप मान टाकते, पिवळे पडते. नवखा शेतकरी घाबरतो व खताची पाटी घेऊन धावतो. जाणता शेतकरी पाणी बेताचे आहे ना, एवढे पाहतो आणि वाट पाहतो. मुळे धरली की रोप आपले आपण उभे राहते. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाचेही पहिले काही आठवडे असेच असतात. मात्र मान टाकलेले रोप आणि कीड लागलेले रोप यांतला फरक घरच्यांना कळला पाहिजे. तो समजावा म्हणून हा पाठ.

आमच्या भागातील एका भगिनीवर अशी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या आठवड्यात तिला रोज उलट्या होऊ लागल्या. घरची माणसे म्हणाली, "पोटाचे ऑपरेशन झाले आहे, उलट्या व्हायच्याच." आणखी आठ-दहा दिवस गेले. मग ती चालताना झोकांड्या खाऊ लागली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. वेळेत मोठ्या दवाखान्यात नेले म्हणून निभावले. असे का झाले ते पुढे येईलच. आधी मुळापासून पाहू.

शरीरात काय बदलते

आज आपल्याकडे दोन प्रकार अधिक चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव देणारा स्राव जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतो तोही यात जातो, म्हणून भूक मंदावते. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून व आतड्याच्या पहिल्या भागातून जात नाही. बायपासची सुरुवात १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली.

हल्ली हे काम बहुधा दुर्बिणीतून होते. पोटावर चार-पाच लहान छेद तेवढे दिसतात. पण बाहेरची जखम लहान म्हणून आतले कामही लहान, असे समजू नये. आत पिनांची लांब शिवण असते व ती पक्की व्हायला काही आठवडे लागतात. आहाराचे सारे नियम या शिवणीसाठीच आहेत.

आधी पाणी

पहिल्या आठवड्यांत माणूस पुन्हा दवाखान्यात जातो तो पुष्कळदा अंगातले पाणी कमी झाल्यामुळे. दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात जावे लागतात, पण एका वेळी पेला रिकामा करता येत नाही. उपाय सोपा आहे. औषधाचे ३० मिलिलीटरचे माप घ्यावे व दर १५ मिनिटांनी एक माप घोट घोट संपवावे. तासाला १२० मिलिलीटर होतात. जागेपणीच्या १३ तासांत दीड लिटर भरते. घरातल्या एखाद्या मुलाने वहीत खुणा कराव्यात. लघवी गडद पिवळी व थोडी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

सोडा व फसफसणारी पेये वर्ज्य. पुढे घट्ट अन्न सुरू झाले की जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग प्यावे.

आहाराच्या पायऱ्या

प्रत्येक दवाखान्याचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ताच प्रमाण मानावा. साधारण क्रम असा :

पहिले एक-दोन दिवस : पाणी, गाळलेले सूप, निवळ पेये.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत : साय काढलेले दूध, ताक, पातळ दही, घोटून गाळलेली डाळ, नाचणीची गाळलेली आंबील. सारे बिनसाखरेचे.

तिसरा व चौथा आठवडा : वाटलेले किंवा कुस्करलेले अन्न. घट्ट वरण, मऊ अंडे, कुस्करलेले पनीर, काटे काढून कुस्करलेला उकडलेला मासा.

पाचवा व सहावा आठवडा : मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, मासा, अंडे. त्यानंतर हळूहळू नेहमीचे जेवण.

चपाती, भाकरी, पाव, चिकट भात व मटण हे शेवटी यावेत. त्यांचे गोळे होतात व अरुंद वाटेत अडकतात. घास लहान घ्यावा, वीस ते तीस वेळा चावावा आणि पोट भरल्याची पहिली खूण होताच थांबावे. ही खूण कधी छातीवर दाब येऊन कळते, कधी उचकीने, कधी नाकाला पाणी सुटून. त्यानंतरचा एक घासही उलटीलाच कारण होतो. "एवढेसेच खाल्लेस?" म्हणून आग्रह करणारी आई किंवा सासू प्रेमाने करते, पण अपाय करते.

या दिवसांत प्रथिने रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात, नाहीतर चरबीबरोबर अंगातले स्नायूही झिजतात. येथे आपल्याकडे एक मोठी चूक होते. डाळीचे वरचे पाणी ताकदीचे म्हणून देतात; पण प्रथिन राहते तळाच्या डाळीत, पाण्यात फारच थोडे उतरते. पातळ पेजेचेही तसेच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ व तेवढ्याच शिजवलेल्या माशात २० ग्रॅमच्या वर प्रथिन असते. सुरुवातीला एवढे खाणे जमत नाही, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पूड लिहून देतात. ती चैन नसून गरज आहे.

कुंदा, जिलबी, उसाचा रस, गुळाचा चहा यांपासून दूर राहावे. विशेषतः बायपास झालेल्याच्या आतड्यात साखर एकदम उतरते. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा व जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून चक्कर येते.

चालणे आणि काम

शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाला उभे करून चालवतात. हे निर्दयपण नव्हे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होते व ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा अंगणात थोडे थोडे चालावे व रोज थोडे वाढवावे. सांगितलेले श्वासाचे व्यायाम टाळू नयेत. चार ते सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. पाण्याची भरलेली घागर, गवताचा भारा, धान्याचे पोते, कडेवरचे मूल, सारे यात आले. बैठे काम करणारा दोन ते चार आठवड्यांत कामावर जाऊ शकतो; शेतात राबणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुदळ हाती घेऊ नये.

औषधांविषयी सावधान

मधुमेहाच्या रुग्णाची साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांतच खाली येऊ लागते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन किंवा गोळ्या चालू ठेवल्या तर साखर धोक्याइतकी उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी. स्वतः वाढवू नये, सोडूही नये. अंगदुखीसाठी दुकानातून मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नयेत. नव्या पोटाला व्रण पडतात. विडी-सिगारेटनेही तेच होते. बायपासनंतर दारू फार लवकर चढते व तिची सवय जडण्याचा धोका वाढतो.

जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम व बी-१२ हे महिन्या-दोन महिन्यांचे टॉनिक नसून जन्मभराचे औषध आहे. लोह व कॅल्शियम एकत्र घेऊ नये. मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. तरुण स्त्रियांनी १२ ते १८ महिने गरोदरपण टाळावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. वजन उतरले की मूल राहण्याचा संभव वाढतो, म्हणून हे पती-पत्नींनी आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. उपवासकाळात अशा रुग्णाने उपवासाची चिंता करू नये. आजाऱ्यांना ख्रिस्तसभेने त्यातून मोकळीक दिलेली आहे.

मनाचे काय

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळांना रडू कोसळते. "मी हे कशाला करून घेतले?" असे वाटते. घरात फोडणीचा वास येतो, सारी पंगतीला बसतात आणि आपल्यापुढे एक वाटी. पोटाला भूक नसते, पण मनाला असते. त्यातच तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वजनाचा काटा थबकतो. सुरुवातीच्या दिवसांत अंगात साठलेल्या साखरेबरोबर पाणीही जाते, म्हणून वजन भरभर उतरते. मग काही दिवस ते तिथेच राहते. हे अपयश नव्हे. काटा रोज पाहू नये, आठवड्यातून एकदा पाहावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. आहार नीट असेल तर ते बहुधा परत येतात.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जीभ आवरावी. "खाऊन खाऊन वाढवले आणि आता कापून काढले" असे बोलणे सोपे आहे. अति लठ्ठपणा हा आजार आहे. घराण्याचा वारसा, शरीरातील स्राव व इतर अनेक कारणे त्यामागे असतात. आजाऱ्याला दोष देऊन कोणी बरा झालेला नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली किंवा जीव नकोसा झाला, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे दुखणे आहे.

केव्हा धावावे

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर, स्वस्थ पडूनही नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढते दुखणे, धाप, एका पायाच्या पोटरीला सूज, काळा शौच, पाण्याचा घोटही न ठरणे. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आतली शिवण उसवल्याची किंवा रक्ताच्या गाठीची ती खूण असू शकते.

आता त्या भगिनीची गोष्ट. बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. रोज उलट्या झाल्या की तो संपतो व मेंदूला इजा होते : डोळे, तोल आणि शुद्ध, तिन्ही बिघडतात. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावले, तर ती साखर जाळण्यात उरलासुरला बी-१ खर्ची पडतो व दुखणे आणखी बळावते. म्हणून आधी बी-१ चे इंजेक्शन, मग ग्लुकोज. हा क्रम चुकला तर स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून उलट्या एका दिवसापेक्षा जास्त चालल्या की शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

तेव्हा घरी एक काम आजच करावे. एका कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, चालू औषधे व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा फोन लिहावा. त्याखाली ठळक अक्षरात लिहावे : "उलट्या होत असल्यास ग्लुकोजपूर्वी बी-१ द्यावे." हे कार्ड रुग्णाच्या उशाशी राहू द्यावे, आणि कोठल्याही दवाखान्यात गेल्यावर सर्वांत आधी तेच पुढे करावे.