आपल्या जुन्या संगणकाची साक्ष



दादरच्या आमच्या शाळेत तीन जुने संगणक आहेत, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीचे आणि तिन्हींवर लिनक्स. कर्नल अपडेट केलं तेव्हा दोन नीट चालले, तिसऱ्याचं वायफाय बंद! असं का झालं?

कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि प्रोग्राम यांना जोडणारा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलचं काम १९९१ मध्ये सुरू केलं. जगातली सगळी यंत्रं एका प्रयोगशाळेत कशी मावणार? म्हणून पक्क्या आवृत्तीआधी साधारण दर आठवड्याला चाचणी आवृत्ती निघते. देशोदेशीचे लोक ती आपापल्या यंत्रावर चालवून अनुभव कळवतात. दुरुस्ती तपासून बघणाऱ्याचं नाव तिच्या नोंदीत 'टेस्टेड-बाय' म्हणून लागू शकतं.

आम्ही सुरुवातीच्या यादीतून जुनं कर्नल निवडलं, वायफाय लगेच आलं. मग मुलांनी वहीत तक्ता केला: मॉडेल, कर्नलचा क्रमांक, काय चाललं, काय अडलं, आधी चालत होतं का?

"बंद पडलं" ही झाली तक्रार. "जुन्यावर चालतं, नव्यावर नाही" हा झाला पुरावा. "नीट चाललं" हीसुद्धा उपयोगाची नोंद बरं का!

घरी करून बघा. फक्त आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.