चोकेकिरावला जाणार असाल तर

आयोजकाला अंतर विचारू नका. वाट सुरू होते त्या कपुलियोकपासून जाऊन-येऊन किती किलोमीटर, हे तो तोंडपाठ सांगेल. रोज किती मीटर उतरायचं, किती चढायचं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे कागदावर लिहून मागा. मी मागितलं होतं, वारंवार मागितलं होतं. उत्तर यायचं, "मॅडम, तुम्ही हिमालय केलाय ना? मग कशाला टेन्शन घेता?"

हिमालयाचा इथे काय संबंध! तिकडे आधी चढ, परतताना उतार. पेरूमधल्या या वाटेवर कपुलियोकच्या साधारण २९०० मीटरवरून आपण थेट आपुरिमाक नदीच्या दरीत उतरतो, पार १५०० मीटरच्या आसपास. पूल ओलांडला की पलीकडच्या उभ्या डोंगरावर जवळजवळ तेवढंच पुन्हा चढायचं, आणि परतताना हेच सगळं उलट. म्हणजे पाय बोलायला लागलेले असताना सगळ्यात मोठा चढ शिल्लक असतो. इथे विरळ हवेपेक्षा ऊन जास्त छळतं. तळाशी निवडुंग आणि तापलेले दगड, सावली जवळपास नाहीच. मे महिन्यात भर दुपारी सह्याद्रीतला घाट चढलेल्यांना याची कल्पना येईल.

म्हणूनच चिकिस्का किंवा नदीकाठच्या प्लाया रोसालीनाला मुक्काम करायचा आणि पहाटे अंधारात पलीकडचा चढ धरायचा. तिथला कोणताही खेचरवाला हेच सांगेल. आमच्या छापील कार्यक्रमातही तसंच होतं. पण कुस्कोत पोचल्यावर आयोजकाने एक दिवस कापला. कारण सांगितलं की परतीचं हॉटेल चुकून आधीच्या तारखेचं घेतलं गेलं. मग आम्ही पूल ओलांडला तो ऐन दुपारी. पलीकडच्या सांता रोसा वस्तीच्या नागमोडी चढावर गटातल्या एका तरुणाच्या पोटर्‍यांत गोळे आले, उलट्या सुरू झाल्या. आयोजक महाशय पुढच्या चार जणांबरोबर केव्हाच वर गेले होते. कबूल केलेलं रिकामं खेचरही सामान लादून पुढे गेलेलं. त्या मुलाला माझ्याजवळच्या ओआरएसवर आम्ही दोघातिघांनी वर आणलं.

रिकामं, खोगीर घातलेलं खेचर गटातल्या शेवटच्या माणसामागे चाललं पाहिजे. पैसे देण्याआधी हे ठरवून घ्या.

तरीही मी गप्प होते, कारण मला चोकेकिराव बघायचं होतं. स्पॅनिशांनी कुस्को घेतल्यावर इंका राजे ज्या विल्काबांबाच्या डोंगरांत १५७२ पर्यंत टिकून राहिले, त्याच मुलखातलं हे नगर. हायरम बिंगहॅम माचू पिक्चूला १९११ मध्ये पोचला, पण त्याआधी १९०९ मध्ये तो इथे येऊन गेला होता. नगराचा बराच भाग अजून रानाखाली आहे. पश्चिमेच्या उतारावर पायर्‍यापायर्‍यांची शेतं आहेत आणि त्यांच्या भिंतींत, गडद दगडांमध्ये पांढरे दगड बसवून लामा प्राण्यांची चित्रं केली आहेत. आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर त्याच लामांचा फोटो होता.

मुख्य चौकात उभी राहून मी स्थानिक वाटाड्याला विचारलं, लामांकडे केव्हा उतरायचं? तो गोंधळला. तुमच्या गटासाठी तो भाग ठरलेलाच नाही, म्हणाला. खाली उतरून पुन्हा चढायला अर्धा दिवस लागतो आणि आम्ही भारतातून निघण्याच्या कितीतरी आधी त्याला कमी दिवसांचाच कार्यक्रम कळवलेला होता. त्याने फोनवरचा निरोप दाखवला. म्हणजे हॉटेलची ती गोष्ट खोटी. दिवस कापला गेला होता तो पुण्यातच, आमच्याकडून पूर्ण पैसे घेऊन.

जाब विचारल्यावर आयोजकाने काय करावं? गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "काही ज्येष्ठ सदस्यांच्या वेगामुळे वेळापत्रक बदलावं लागलं." सांता रोसाला मी उजेडात पोचले होते आणि निम्मा गट माझ्या मागे होता. आज इतका काळ लोटूनही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

तेव्हा स्थानिक वाटाड्याला पाठवलेला कार्यक्रम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माहितीपत्रकावर जाऊ नका. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम धरा. काठ्या दोन घ्या, गुडघ्यांसाठी. नदीकाठचे बारीक चावरे कीटक फार छळतात. कितीही उकडलं तरी लांब बाह्या आणि लांब पँट. वाटेवर कार्ड चालत नाही, पेरूचं चलन, म्हणजे सुटे सोल, जवळ असू द्यात. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. तब्येत सांभाळा, सराव करा, हे तर आलंच.

आणि अवशेषांच्या अलीकडे मारांपाता नावाची वस्ती आहे. तिथे दोन रात्री मिळणार असतील तरच पैसे भरा.