हेड कॉस्टिकमध्ये टाकू नका, हे मी सांगितलं होतं

दोनदा सांगितलं होतं. "हेड ॲल्युमिनियमचं आहे, कॉस्टिकमध्ये टाकू नका." तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीनवाल्याने मान डोलावली, हेडवर खडूने माझा मोबाइल नंबर लिहिला आणि म्हणाला, "परवा या."

नेरूळच्या घरी पोर्चमध्ये मी दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. इंजिन जिप्सीचं, १२९८ सीसी. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून वजनाला हलकं. निवडलं ते त्यासाठीच. बाहेर काढायला दोन रविवार लागले. चेन कप्पी भाड्याने आणली, पाइपची तिपाई उभी केली, एकेका वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घातले. एकही बोल्ट तुटला नाही. एवढ्या जपणुकीने काढलेल्या इंजिनाचं हेड मी स्वतःच्या हाताने दुसऱ्याकडे धुवायला नेऊन दिलं, ही सल अजून जात नाही.

चैन पडेना म्हणून एक दिवस आधीच गेलो. शेडच्या कोपऱ्यातल्या टाकीतून सोड्याची बाटली फोडल्यासारखा फसफस आवाज येत होता. लोखंडावरची काजळी निघताना असा आवाज येत नाही. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, तेव्हा असे बुडबुडे येतात. टाकीत डोकावायच्या आधीच मला कळून चुकलं होतं. पोऱ्याने आकड्याने हेड वर ओढलं. काळंकरडं पडलेलं, खडूचा नंबर धुऊन गेलेला. पाण्याने धुतल्यावर कॅमशाफ्टच्या बैठकीवर नख फिरवलं, तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. या इंजिनात कॅमशाफ्टला वेगळं बेअरिंग नसतं. ती हेडच्या धातूतच फिरते. ती बैठक गेली म्हणजे हेड गेलं.

मालक म्हणाला, "काळं पडतंच साहेब. बफ मारून देतो, फेस मारून देतो." फेस मारून गॅस्केटची बाजू सपाट होईल, पण कॅमची बैठक कशी भरून येणार? हे विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, "हौसेची गाडी ना? रोज थोडीच चालवायचीय!"

या वाक्याचा राग पैशापेक्षा मोठा आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत चालती जीप उभी केली. २०२२ मध्ये महिंद्रांनी त्यांना तिच्या बदल्यात बोलेरो दिली. घरी गाडी बांधणारा माणूस गॅरेजवाल्यापेक्षा कमी काळजी घेत नाही, जास्तच घेतो. त्याचं काम कमी मोलाचं समजायचा हक्क कुणालाही नाही.

आता जे या वाटेला जाणार आहेत त्यांच्यासाठी.

धुवायला देण्याआधी धातू ओळखा. लोहचुंबक लावा, चिकटला नाही तर कॉस्टिकपासून लांब ठेवा. हेड, ब्लॉक, इनटेक, गिअरबॉक्सचं घर, प्रत्येकाची वेगळी खात्री करा. "कॉस्टिक नको" हे ऑइल पेंटने भागावरच लिहा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं टाकीजवळच्या पोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

शक्यतो घरीच धुवा. इंजिन उतरवण्याआधी ऑइल आणि कूलंट काढा, सगळी भोकं कापडाने बंद करा, डिझेल आणि ब्रशने मळ सोडवा. ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश नको, पितळेचा किंवा नायलॉनचा वापरा. पेट्रोलने कधीही धुऊ नका. बंद पोर्चमध्ये एक ठिणगी पुरते. ऑइलच्या वाटा बारीक ब्रश आणि कॉम्प्रेसरच्या हवेने मोकळ्या करा, कारण तिथे राहिलेला गाळ सुटून थेट बेअरिंगमध्ये जातो. मेन बेअरिंगच्या कॅपांची जागा आणि दिशा बदलू देऊ नका. धुऊन झाल्यावर लोखंडी भागांना लगेच ऑइल चोळा. खाडीच्या हवेत ते एका रात्रीत तांबूस होतात.

काळं ऑइल गटारात ओतू नका. आपली गटारं ठाणे खाडीला मिळतात आणि तिथे फ्लेमिंगो उतरतात.

इंजिन नंबरावर ब्रशही फिरवू नका, आधी फोटो काढा. कागदपत्रांची चौकशी इंजिन घेण्याआधी आरटीओत करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येतील तसे बदल करता येत नाहीत.

घाई करू नका. फोटो भरपूर काढा. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

कुर्ल्यातून जुनं हेड मिळालं. ते तीन संध्याकाळी मी स्वतः डिझेलने धुतलं. मशीनवाल्याकडे नुकसानभरपाई मागितली होती. मिळाली नाहीच, उलट धुण्याचे पैसे मोजून घेतले. बिलावर एकच शब्द आहे, "वॉशिंग". धातूचं नाव कुठेच नाही. लिहून घ्यायला हवं होतं, ही माझी चूक मी मान्य करतो. पण त्याने मान डोलावली होती, हेही तितकंच खरं आहे.