फोनला डॅक लावायचाय ना, मग आधी हे ऐक

तू पाठवलेला डॅकचा फोटो पाहिला. देखणा आहे, आणि कामालाही चांगला असेल. पण बारा हजार मोजण्याआधी माझं जरा ऐकून घे. तुला गाणं मनापासून ऐकायचंय हे मला ठाऊक आहे, म्हणून तर एवढं सांगत बसलेय.

तुझ्या नव्या फोनला हेडफोनचा जॅक नाही, इथूनच हे सुरू झालं ना? 2016 साली आयफोन 7 आला तेव्हा ॲपलने जॅक काढला, मग एकेक करत बाकीच्या कंपन्यांनीही बहुतेक फोनमधून तो घालवला. फोनमध्ये गाणं साठवलेलं असतं ते आकड्यांत. हेडफोनला आकडे कळत नाहीत, त्याला लागते सुरांबरोबर कमीजास्त होणारी वीज. आकड्यांची अशी वीज करून देणारी चिप म्हणजे डॅक, आणि ती वीज हेडफोनला पेलेल इतकी दमदार करणारा तो ॲम्प्लिफायर. पूर्वी हे दोन्ही फोनच्या आत असायचं आणि जॅकमधून तयार आवाज बाहेर यायचा. आता तेच काम बाहेर करून घ्यावं लागतं. म्हणजे डॅक ही काही फक्त शौकिनांची वस्तू नाही. सी-टाइपचं बोटभर डॉंगल मिळतं ना, त्याच्या इवल्याशा टोकातही डॅकच असतो.

सगळ्याच डॉंगलमध्ये मात्र नसतो, आणि इथे खूप जणी फसतात. स्टेशनबाहेर शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी काही डॉंगलं म्हणजे नुसती तार असते. फोनने स्वतःच सी-पोर्टमधून तयार आवाज बाहेर सोडला तरच ती चालतात. तशी सोय असलेले फोन आहेत, पण कितीतरी फोनमध्ये ती नसते. मग तू डॉंगल लावतेस, हेडफोन लावतेस आणि आवाज मात्र स्पीकरमधूनच येत राहतो. फोन बिघडला की काय असं वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचार, की याच्या आत डॅक आहे का. दुकानदार गडबडला तर ते घेऊ नकोस.

मला विचारशील तर पहिलं डॉंगल ॲपलचं सी-टाइपवालं घे. हजाराच्या आसपास मिळतं, वीज फार खात नाही आणि त्याचा आवाज अगदी स्वच्छ आहे. अँड्रॉइडवर ते पुष्कळदा हळू वाजतं, कारण फोन डॉंगलच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. त्यावर उपाय आहे, तो पुढे सांगते. आणि हो, जर्मनीहून येणाऱ्या कुणाला ते आणायला सांगू नकोस. युरोपात विकलं जाणारं डॉंगल मुद्दाम कमी ताकदीचं केलेलं असतं. इतरत्र साधारण 1 व्होल्ट मिळतो, तिथे जेमतेम अर्धा.

आता खरी गोष्ट. तुझ्याकडचा हेडफोन कुठला आहे? तू डॅकवर इतकं वाचलंस, पण हेडफोनबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. आवाजात सगळ्यात मोठा फरक पडतो तो हेडफोनने, आणि तो कानात कसा बसतो त्याने. इयरफोनचं रबर कानाला सैल असेल तर खर्ज गळून जातो, मग वीस हजारांचा डॅक लावलास तरी तो परत येत नाही. डब्यात रबराचे लहान-मोठे जोड येतात ते सगळे घालून बघ. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणंही अगदी स्वाभाविक आहे. एवढं केलंस तरी तुला वाटेल की नवीन इयरफोन घेतला.

हेडफोनच्या डब्यावर ओहमचा आकडा असतो, तोही बघून ठेव. 16 किंवा 32 ओहमचा साधा हेडफोन लहान डॉंगलवर सुखाने वाजतो. सेनहायझरच्या एचडी 600 सारखा 300 ओहमचा हेडफोन असेल तर त्याला जास्त व्होल्ट लागतात, आणि तिथे फिओ, मूनड्रॉप यांच्यासारखे जरा ताकदवान डॅक कामी येतात. तुझा इयरफोन थोड्या विजेतही मोठा वाजणारा असेल तर मात्र उलटं होतं. ताकदवान डॅकवर गाणं थांबल्यावरही मागे बारीक सळसळ ऐकू येते. म्हणून ताकद जास्त तितकं चांगलं, असं धरून चालू नकोस. डॅकवर गेन, म्हणजे ताकद, कमी-जास्त करायची सोय असेल तर इयरफोनसाठी ती कमीवरच ठेव.

जोडणीबद्दल बोलते, कारण रडकुंडीला येण्याची जागा तीच आहे. डॅकबरोबर डब्यात आलेली आखूड तार वापर. घरात चार्जरच्या तारा ढिगाने पडलेल्या असतात, पण त्यातल्या काहींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. वनप्लस, ओप्पो, विवो यांच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्ये ओटीजी नावाचं एक बटण असतं आणि ते बंदच असतं. ते चालू केल्याशिवाय फोन डॅककडे बघतही नाही, आणि थोडा वेळ काही जोडलं नाही तर ते आपोआप पुन्हा बंद होतं. काल वाजत होतं, आज का वाजत नाही, याचं उत्तर बरेचदा या बटणात असतं. तू कधी डेव्हलपर ऑप्शन्स उघडले असशील तर तिथेही यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारी एक खूण आहे. ती चुकून लागली असेल तर काढ. सी-पोर्टमध्ये पर्समधला कचरा साचतो, त्याने तार पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढ. आणि मुंबईच्या पावसात फोन ओला झाला तर काही फोन पोर्टमध्ये ओलावा असल्याचं सांगून तो बंदच करतात. तेव्हा हेअर ड्रायर लावू नकोस, थोडा वेळ तसाच उघड्यावर वाळू दे.

आईचा आयफोन जुना आहे, लायटनिंगवाला. त्याला चार्जिंगची सी-टाइप तार लावून डॅक चालणार नाही. त्याला ओटीजीसाठीच बनवलेली तार लागते, नाहीतर ॲपलचा कॅमेरा ॲडॅप्टर. नाव कॅमेऱ्याचं असलं तरी त्यातून डॅक उत्तम चालतो, आणि यूएसबी 3 वाल्यात चार्जिंगसाठी वेगळं भोकही आहे. डॅक फार वीज मागत असेल तर आयफोन सरळ नकाराची सूचना देतो, तेव्हा त्या भोकात चार्जर लावून बघायचं. आयफोन 15 पासून पोर्टच सी-टाइप झाला, म्हणून ही भानगड संपली.

आता ॲपचं. सीडीवरचं गाणं 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिटचं असतं. अँड्रॉइड मात्र सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळतो आणि ते बहुतेक वेळा 48 वर नेऊन बाहेर सोडतो. ऑडिओक्वेस्टच्या ड्रॅगनफ्लाय डॅकवर चतुराच्या आकाराचा दिवा असतो, तो 44.1 ला हिरवा आणि 48 ला निळा लागतो. सीडीच्या दर्जाचं गाणं लावलंस आणि दिवा निळा दिसला, तर समज की वाटेत बदल झालाय. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो नावाचं विकतचं ॲप अँड्रॉइडची ती मिसळण बाजूला ठेवून थेट डॅकशी बोलतं, आणि मघाशी म्हटलं तो ॲपल डॉंगलचा हळू आवाजही त्यात सुटतो. 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून गाणं जसंच्या तसं डॅकपर्यंत नेण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आली आहे, फक्त फोनने आणि ॲपने ती वापरायला हवी. पण खरं सांगू? 44.1 चं 48 झाल्याने कानाला जो फरक पडतो तो फार फार बारीक आहे. त्यासाठी झोप घालवू नकोस.

त्यापेक्षा फाइलकडे बघ. यूट्यूबवरचा आवाज दाबून लहान केलेला असतो, जे गळलं ते कुठलाही डॅक परत आणत नाही. म्हणून तिथे ऐकू नकोस असं अजिबात म्हणत नाही मी. आकाशवाणीवरच्या कितीतरी जुन्या मैफली दुसरीकडे मिळतच नाहीत, त्या जरूर ऐक. टेपची खरखर मात्र मूळ ध्वनिमुद्रणातच आहे, ती महाग डॅकने उलट जास्त स्पष्ट ऐकू येईल. तसंच 78 च्या तबकडीवरून घेतलेलं गाणं 24 बिट, 192 किलोहर्ट्झचा शिक्का मारून विकत असतील तर त्यावर पैसे घालू नकोस. त्या तबकडीत जेवढं होतं तेवढंच मिळणार, आणि ते साध्या फाइलमध्येही मिळतं. ॲपल म्युझिकने 2021 मध्ये लॉसलेस, म्हणजे काही न गाळता साठवलेली, गाणी जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. ॲपलच्याच हिशेबाने 3 मिनिटांचं गाणं नेहमीच्या दर्जात 6 एमबी, लॉसलेसमध्ये 36 एमबी आणि सगळ्यात वरच्या दर्जात 145 एमबी होतं. तासाभराचा राग त्या वरच्या दर्जात ऐकलास तर जवळपास 3 जीबी डेटा गेला. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस पुरेसं आहे, माझं मत अगदी ठाम आहे. घरच्या वायफायवर उतरवून ठेव आणि निवांत ऐक.

पारख करायची असेल तर तानपुरा लाव, नुसता, गाण्याशिवाय. नीट जवारी काढलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो, तारेचा तो पाचवा उपस्वर. तुझ्या गुरुजींनी तो ऐकायला शिकवलाच असेल. आधी फोनच्या स्पीकरवर ऐक, मग त्याच आवाजाच्या पातळीला डॉंगल आणि इयरफोनवर. पातळी सारखी ठेवणं फार महत्त्वाचं, कारण जरासा मोठा आवाज आपल्याला नेहमीच जास्त छान वाटतो, आणि दुकानात डॅक विकले जातात ते बरेचदा याच जोरावर. डॉंगलवर गंधार स्वच्छ, न धडपडता ऐकू आला, तर तुझं काम झालं. मग वरचे पैसे हेडफोनमध्ये घाल.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. थेट डॅकशी बोलणारी ॲप कधी कधी व्हॉल्यूम एकदम पूर्ण उघडतात. म्हणून हेडफोन कानात घालण्याआधी गाणं सुरू कर, तो हातात धरून अंदाज घे, आवाज खाली आण आणि मगच कानात घाल. फोनची रिंग आणि मेसेजचे टुंग आवाजही त्याच डॅकमधून येतात, ऐकताना ते बंद ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी घातलेली मर्यादा आहे 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास. तोच आवाज 90 डेसिबलला नेला तर आठवड्याला फक्त 4 तास उरतात. लोकलच्या गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, म्हणून ट्रेनमध्ये डॅक नकोच, तिथे गोंगाट अडवणारा ब्लूटूथ हेडफोन जास्त बरा. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण राहिली तर ती थकवा म्हणून सोडून देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी कानाला सुट्टी दे, आणि तरीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. तुला गायचंय, तुझे कान मला सगळ्यात आधी हवेत.

आणि ऐकून झालं की डॅक काढून ठेव. लावलेला राहिला तर तो फोनची बॅटरी खात बसतो, शिवाय फोन तसाच पर्समध्ये टाकला की पोर्टवर ताण येतो.

त्या बारा हजारांच्या डॅकची ऑर्डर या आठवड्यात तरी देऊ नकोस. शनिवारी क्लासवरून सरळ माझ्याकडे ये, माझं डॉंगल आणि दोन इयरफोन घेऊन जा, महिनाभर वापर. तेवढ्यानेही मन भरलं नाही, तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन, तुझाच हेडफोन लावून दोन-तीन डॅक ऐकू आणि मग ठरवू.