हर्नियाचे टाके आणि गोळ्यांची पाकिटं

हर्नियाचं ऑपरेशन हल्ली कुणाला मोठं वाटत नाही. जाळी बसवली की बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मलाही सोडलं. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या घरी आलो ते डिस्चार्जच्या कागदावर तीन गोळ्या घेऊन. कुठली कशासाठी, हे कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं ‘जेवणानंतर’.

त्यांतल्या एकीत ट्रामाडॉल होतं. हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गोतावळ्यातलं औषध. 2018पासून ते अमली पदार्थांबाबतच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे. दुखणं थांबलं, नाही असं नाही. पण डोकं गरगरायचं, अन्न नकोसं झालं आणि पोट साफच होईना. ओपिऑइडने आतड्यांची हालचाल मंदावते. एरवी बद्धकोष्ठ ही कटकट. इथे मात्र कुंथायला बसलं की सगळा जोर जांघेतल्या टाक्यांवर! भिंतीला हात टेकून बसायचो, घाम फुटायचा. ही म्हणाली, “अहो, इसबगोल राहू द्या, आधी डॉक्टरांना फोन करा.”

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी गोळी घड्याळ लावून घ्यायला सांगितली, दुखेपर्यंत वाट न बघता. तेवढ्यावर भागलं. वाकोल्याच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की कळ यायची, ती सोसण्यासारखी होती. जांघेच्या हर्नियाबद्दलच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा सूरही हाच आहे: ऑपरेशनच्या वेळी त्या जागेवर भुलीचं इंजेक्शन, नंतर या दोन गोळ्या, आणि तरीही भागलं नाही तर ओपिऑइड. तेही थोडे दिवस. खरोखर असह्य दुखत असेल तर ते जरूर घ्यावं, उगाच मर्दुमकी नको.

दुसरी गोष्ट भाच्याने पाकिटं उलटून वाचली तेव्हा उघड झाली. ट्रामाडॉलच्या गोळीत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सुजेच्या गोळीतही 325, आणि तिसरी तर निव्वळ पॅरासिटामॉल, 650ची. पहिली तीनदा, दुसरी दोनदा, तिसरी तीनदा: बेरीज 3575. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000. ताप आला म्हणून आणखी एक 650ची घेतली असती तर मर्यादा ओलांडली असती. यकृताला हे परवडत नाही. दारू घेणाऱ्याला किंवा वजन फार कमी असलेल्याला त्याहून कमीच चालतं.

सुजेची गोळीही सरसकट सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, अल्सर, दमा, रक्त पातळ करणारं औषध, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक गोळीत काय आहे ते विचारा, आणि ट्रामाडॉल दिलंच तर सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. लघवी अडली, उलट्या थांबेनात किंवा जखम लाल होऊन ताप आला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि उरलेलं ट्रामाडॉल शेजाऱ्याच्या कंबरदुखीला देऊ नका. फिट येणाऱ्यांना आणि नैराश्याच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरतं.