विलायतेंतून अमेरिकेंत

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यांत 'विलायत' हा शब्द फार सैल असे. मनुष्य लंडनास असो कीं न्यूयॉर्कास, तो विलायतेंत आहे एवढें सांगितलें म्हणजे विचारणाऱ्याचें समाधान होई. सगळे साहेबलोक सारखेच, तेव्हां एका देशांत रुळलेल्यास दुसऱ्यांत काय जड जाणार, असा त्यामागील तर्क. हा तर्क किती लंगडा आहे हें पाहण्यास जर्मनी-फ्रान्सपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. एकच भाषा बोलणारे इंग्लंड व अमेरिका हे दोन देश पुरेत.

प्रथम शब्दच घेऊं. इंग्लंडांत 'पब्लिक स्कूल' म्हणजे जबर फी घेणारी खासगी शाळा. ईटन व हॅरो या त्यांतल्याच. अमेरिकेंत याच दोन शब्दांचा अर्थ करांच्या पैशांतून चालणारी मोफत शाळा असा होतो. इंग्रज शिक्षकानें निबंधावर 'क्वाइट गुड' असा शेरा मारला, तर 'बरा आहे, पण आणखी चांगला लिहितां आला असता' असें बहुधा समजावें. अमेरिकन शिक्षक तेच शब्द शाबासकी म्हणून लिहितो. शब्द मुळींच न समजला तर मनुष्य विचारतो तरी. समजला असें वाटून भलताच समजणें, हेंच आमच्या मतें अधिक अवघड.

परंतु खरा भेद याहून खोल असतो, व त्याचा अनुभव आपल्याच एका विदुषीनें घेतलेला आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांस आसरा मिळाला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत शिकण्या-शिकविण्याची सोय झाली. माया तेथें पुष्कळ मिळाली. तथापि त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, असा प्रश्न निघतांच बिशपांनीं हरकत घेतली. जी गोष्ट आपल्या वडिलांनीं व पतीनें कधीं गैर मानली नाहीं, ती या सुधारलेल्या देशांत गैर ठरावी, याचें रमाबाईंस मोठें नवल वाटलें.

१८८६ च्या आरंभीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं त्या फिलाडेल्फियास गेल्या, त्या १८८८ च्या नोव्हेंबरापर्यंत अमेरिकेंतच राहिल्या. पुरुषांस शिकविण्याची जिला मोकळीक नव्हती, त्याच बाईनें येथें शहरोशहरीं जाहीर व्याख्यानें दिलीं, १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक छापलें. आणि त्यांच्या नियोजित शाळेस दहा वर्षें पैसा पुरविण्याकरितां बोस्टन येथें एक मंडळ उभें राहिलें.

अमेरिकन माणसें इंग्रजांहून मनानें थोर होतीं, असें यावरून समजूं नये. इंग्लंडांत धर्मसंस्था राज्याशीं जोडलेली आहे; कित्येक बिशप सरदारांच्या सभेंत बसतात. अमेरिकेच्या राज्यघटनेनें सरदारक्या देण्यास बंदी केली, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनें राज्यधर्म स्थापण्यास मनाई केली. वरून आज्ञा करणारें कोणी नाहीं, म्हणून मंडळ्या काढाव्या, वर्गणी जमवावी व काम तडीस न्यावें, ही त्या लोकांची सवय; स्त्रियांच्याहि अशा मंडळ्या होत्या. रमाबाईंनीं या गोष्टीचें कौतुक 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या १८८९ च्या मराठी ग्रंथांत केलें आहे. पण त्या भारावून गेल्या नाहींत. काळ्या लोकांस व मूळच्या रहिवाशांस तेथें कसें वागविलें जातें, हेंहि त्यांनीं त्याच ग्रंथांत लिहिलें. यजमानाचें मीठ खाऊन त्याचा दोष सांगणें सोपें नसतें.

सरकारनें काय पहावें व ज्याचें त्यानें काय पहावें, यांतला फरक आजहि पुसलेला नाहीं. ब्रिटनमध्यें १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे; रुग्णालयांत रहिवाशाकडून उपचारांचे पैसे घेत नाहींत. आठवड्यांतून पांच दिवस काम करणाऱ्यास वर्षाला २८ दिवस पगारी रजा कायद्यानेंच मिळते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांत खासगी नोकरास पगारी रजेचा एक दिवसहि ठरवून दिलेला नाहीं, आणि औषधपाण्याचा विमा बहुतेकांस मालकाकडून मिळतो. तेव्हां आपल्या घरचें कोणी लंडनहून शिकागोस बदलून जात असेल, तर त्यानें पगाराचा मोठा आकडा पाहण्याआधीं विम्याचा कागद मागून घ्यावा. तेथें नोकरी सुटली कीं पुष्कळदां विमाहि सुटतो.