कर्कटकाच्या पायावर किती लिहावं

शाळेत आम्ही ज्याला ‘कंपास’ म्हणायचो ती खरं तर अख्खी पेटी. आतल्या, वर्तुळ काढायच्या दोन पायांच्या वस्तूचं एक नाव कर्कटक. कर्कट म्हणजे खेकडा, आणि उघडं कर्कटक टेबलावर आडवं पडलं की खेकड्याच्या नांगीसारखं दिसतं खरं. मी रोजच्या वापरातल्या वस्तूंची डिझाइनं करतो. काही वर्षांपूर्वी स्टेशनरी बनवणाऱ्या एका मालकांनी एक साधं कर्कटक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “याचे पाय रुंद करा, चपटे करा. त्यावर सगळं छापू. सूत्रं, कोन, पाढे. मुलाला दुसरं काही उघडायलाच नको.” कल्पना मला आवडली होती, हे आधीच कबूल करतो. चौदा महिने त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. फिरत्या वस्तूवरचं कोणी वाचत नाही.

पहिला नमुना मी घरीच केला. बाजारातल्या कर्कटकाच्या पायांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यावर बारीक अक्षरात सूत्रं लिहिली आणि सहावी-सातवीतल्या मुलांना ते वापरायला दिलं. मुलं काय करतात? वरची मूठ अंगठा आणि तर्जनीत धरतात, टोक रोवतात आणि गर्रकन फिरवतात. पाय फिरतात, पायाबरोबर अक्षरंही फिरतात. नजर मात्र पेन्सिलीच्या टोकावर. वर्तुळ पूर्ण झालं की कर्कटक पेटीत. त्रिज्या घेताना तरी पायाकडे पाहतील म्हटलं, तर तेव्हा डोळे पट्टीवर. माहिती दिसेल असा एकही क्षण मला अर्ध्या तासात सापडला नाही. कुठे लिहायचं, किती लिहायचं यावर आमच्या तीन बैठका झाल्या होत्या. कधी वाचणार, हा प्रश्न कोणीच काढला नव्हता. मीही नाही.

२. गॅलिलिओने हे काम केलं होतं, पण त्याचं यंत्र टेबलावर झोपायचं.

पायांवर माहिती मांडलेला सगळ्यांत प्रसिद्ध कंपास गॅलिलिओचा. पादुआच्या विद्यापीठात गणित शिकवत असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने हा ‘भूमितीय आणि लष्करी कंपास’ बनवला. दोन रुंद, चपट्या पट्ट्या एका बिजागरीत जोडलेल्या आणि दोन्ही अंगांवर कोरलेल्या रेषा. कुठली साध्या प्रमाणासाठी, कुठली क्षेत्रफळासाठी, कुठली घनफळासाठी. एक रेषा तर धातूंची होती. तोफेचा गोळा लोखंडाऐवजी शिशाचा केला तर तेवढ्याच वजनासाठी व्यास किती घ्यायचा, ते तिच्यावरून निघे.

मालकांना मी त्याचं चित्र दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “बघा! चारशे वर्षांपूर्वी जमलं, आपल्याला का नाही?” मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. घरी येऊन नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्या यंत्राने वर्तुळ काढत नसत. ते ठरावीक कोनात उघडून टेबलावर ठेवायचं आणि दोन पायांमधलं अंतर वेगळ्या साध्या डिव्हायडरने उचलायचं. थोडक्यात, ते हिशेबाचं यंत्र होतं. ते स्थिर राहायचं, म्हणून वाचता यायचं.

आणि तरीही ते आपणहून बोलत नव्हतं. १६०६ मध्ये गॅलिलिओने त्याच्या वापराचं पुस्तक स्वतः छापलं, जेमतेम साठ प्रती. नक्कल होऊ नये म्हणून यंत्राचं चित्र त्यात घातलं नाही. तरी पुढच्याच वर्षी बाल्दास्सारे काप्रा नावाच्या माणसाने आपल्या नावावर लॅटिनमध्ये तेच छापलं. प्रकरण विद्यापीठाच्या वरिष्ठांपुढे गेलं आणि निकाल गॅलिलिओच्या बाजूने लागला. मला यात मौज वाटली ती वेगळीच. गॅलिलिओची खरी कमाई यंत्र विकून नव्हती, ते वापरायला शिकवण्यातून होती. एवढी अक्षरं अंगावर असूनही यंत्राला मास्तर लागत होता.

३. त्रिज्येची मोजपट्टी कागदावर सुंदर दिसते.

मग मी ठरवलं, हाताला ज्या क्षणी जे हवं तेवढंच लिहायचं. त्रिज्या घेताना हवी असते ती त्रिज्या. दोन पायांच्या मध्ये एक कमान बसवायची, तिच्यावर सेंटिमीटर कोरायचे. पट्टीची गरजच संपली! एक अख्खा आठवडा मी या कल्पनेवर खूश होतो.

गणित सोपं आहे. दोन्ही पाय १० सें.मी.चे धरा. ६० अंशात उघडले की समभुज त्रिकोण होतो, त्रिज्या १० सें.मी. पण कोन आणि त्रिज्या सारख्या चालीने वाढत नाहीत. सुरुवातीला एका सेंटिमीटरला पावणेसहा अंश लागतात, दहाच्या आसपास साडेसहा. म्हणजे खुणा एकसारख्या अंतरावर येत नाहीत. तेही चाललं असतं. अडचण आकाराची होती. कमान बिजागरीपासून ३ सें.मी.वर होती; त्याहून खाली घेतली तर पेटीत मावेना. बिजागरीजवळ अंतर आकसतं, त्यामुळे त्रिज्येचा १ सें.मी. कमानीवर जेमतेम ३ मि.मी.चा झाला आणि १ मि.मी. झाला ०.३ मि.मी.चा. ते छापलं तरी वाचणार कोण?

त्यातून पेन्सिल. ती प्रत्येक मुलाची वेगळी, दर तासाला टोक केलेली, कडीत कधी वर तर कधी खाली अडकवलेली. पेन्सिल अर्धा सेंटिमीटर जास्त बाहेर आली तर १० सें.मी.ची त्रिज्या पाव सेंटिमीटरने वाढते आणि कमान मात्र ठामपणे १० दाखवत राहते. काहीच न सांगणारं कर्कटक परवडलं. मुलगा निदान पट्टी तरी घेतो.

४. परीक्षेच्या दारात काय होतं ते आधी विचारा.

सूत्रांचा आग्रह मालकांनी सोडला नव्हता. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या घाऊक व्यापाऱ्यांना माल भरलेला दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. तेव्हा मी नमुना घेऊन आमच्या शेजारच्या बाईंकडे गेलो. तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाय शांतपणे वाचले.

“छान आहे हो. वर्गात घेऊन जायला?”

“वर्गात, परीक्षेत, सगळीकडे.”

“परीक्षेत?” त्या हसायला लागल्या. “अहो, ही कॉपी आहे! पर्यवेक्षक दारातच काढून घेतील. आणि मग ते पोरगं रचनेचा प्रश्न कशाने सोडवील? बांगडीने?”

दहावीच्या गणित भाग २ मध्ये ‘भौमितिक रचना’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. वर्तुळाला स्पर्शिका काढा, समरूप त्रिकोण काढा. ज्या एका दिवसासाठी आईवडील नवं कर्कटक घेतात, नेमक्या त्याच दिवशी आमचं कर्कटक बाहेर राहणार होतं. चौदा महिन्यांतली ही सर्वांत स्वस्त चाचणी. एक कप चहा, तोही बाईंनीच दिलेला. मी ती नवव्या महिन्यात केली.

५. देवनागरीला जागा लागते.

पाय साडेसहा मिलिमीटर रुंद. त्यावर इंग्रजी अंक आणि अक्षरं बसली. ‘क्षेत्रफळ’ काही बसेना. वर मात्रा, खाली जोडाक्षराची शेपटी, मध्ये शिरोरेषा. आकार लहान केला की ‘क्ष’च्या पोटात शाई भरते आणि एक काळा ठिपका उरतो. आम्ही पॅड प्रिंटिंग करून पाहिलं. त्यात कोरलेल्या प्लेटमधली शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून वस्तूवर ठेवतात. दिसायला नीटस होतं. पण पाय उघडताना मुलं जिथे धरतात तिथली छपाई घामाने आणि घासण्याने दोन महिन्यांत पुसट झाली.

मग अक्षरं साच्यातच घ्यायचं ठरलं. भोसरीच्या टूलरूममधले काका म्हणाले, “उठावाची हवी असतील तर आत्ता देतो. खोलगट हवी असतील तर विचार करा.” साच्यात अक्षर खोदलं की वस्तूवर ते उठून येतं. वस्तूवर खोलगट हवं, तर साच्यात अक्षर शिल्लक ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद उतरवावं लागतं, आणि त्याचा खर्च वेगळा. उठावाची घेतली. त्यांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीची काजळी बसली आणि आठवड्यात पाय कळकट दिसू लागले. वर आणखी एक. रुंद, चपटा प्लास्टिकचा पाय मजबूत व्हावा म्हणून मागे फासळी दिली, तर बरोबर तिच्या समोर, पुढच्या अंगावर खळगा पडला. जिथे लिहायचं तिथेच.

६. बिजागरी ढिली असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

वर्तुळाची दोन टोकं भेटली नाहीत की मूल कर्कटक आपटतं. स्क्रूखालच्या वॉशरवर मी फक्त चार दिवस दिले होते. द्यायला हवे होते चार आठवडे.

७. नोंदणी आकाराची होते, मजकुराची नाही.

डिझाइनची नोंदणी करायची म्हणून २००० चा डिझाइन कायदा वाचला. आपल्याकडे हे काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं. संरक्षण मिळतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला, दहा वर्षं, आणि पुढे पाच वर्षं वाढवून. अंगावरच्या शब्दांवर आणि अंकांवर हक्क सांगत नाही, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. मालकांचा चेहरा उतरला. त्यांच्या मते मजकूर हाच माल होता. मला मात्र पहिल्यांदा बरं वाटलं. सूत्रं काढून टाकल्यावर जे उरेल तेच आपलं, हे कायद्यानेच सांगितलं होतं.

८. कोरी जागा मुलं कोरी ठेवत नाहीत.

शेवटी एका पायावर आम्ही फक्त पेन्सिलीची पातळी दाखवणारी रेघ ठेवली. टोक या रेघेला भिडवा, म्हणजे दोन्ही पाय सारखे. एवढी एकच सूचना, आणि तीही बरोबर त्या वेळी वाचली जाणारी. परीक्षेत तिला कोणी हरकत घेणार नाही. दुसरा पाय रिकामा. मालकांना तो उघडाबोडका वाटला. त्यांनी त्यावर कंपनीचं नाव मागितलं, मी ते मुठीवर दिलं. यावर आमचं थोडं वाजलंही.

चाचणीसाठी तीस नग मुलांना दिले होते, सव्वीस परत आले. त्यांतल्या एकोणिसांवर त्या रिकाम्या पायावर डिव्हायडरच्या टोकाने काही ना काही खरवडलेलं होतं. नाव, हजेरी क्रमांक, एका क्रिकेटपटूचं आडनाव, दोन ठिकाणी बाण गेलेलं हृदय. एक नग मी मालकांना दाखवून परत मागून घेतला. तो अजून माझ्या खणात आहे. त्यावर ‘इ. ७ वी ब’ असं खणखणीत कोरलंय आणि खाली ‘दुसऱ्याने घेऊ नये’. त्यातला ‘ये’ पायाच्या कडेवरून मागच्या बाजूला वळलाय. जागा पुरली नाही.